बारोच्चीच्या माय-लेकरातला मऊपणा ॲसिडनं कसा आणला असेल?

रेघोट्या, लातूर:
प्रिंटमेकिंगचं शेवटचं वर्ष आहे. इटालियन चित्रकार फेदेरिको बारोच्चीचं १५८१च्या सुमाराचं एचिंग (धातूच्या प्लेटवर ॲसिडनं रेघा खोदून काढलेला छाप), ढगांत बसलेली मेरी आणि मांडीवर बाळ येशू, समोर ठेवून माय-लेकराची प्लेट करतेय. त्यात उजेड अगदी फिका, वस्त्राच्या घड्या गडद आणि कातडीवर बारीक ठिपके. माझ्या झिंक प्लेटवर सगळंच सारखं काळं येतं. गालावर सुई हलकी चालवली, तरी तेच. काय करू?

जुना प्रेसवाला, संभाजीनगर:
ताई, सुईवर जोर देऊ नका आणि कमीही करू नका. ग्राउंड (प्लेटवरचा ॲसिड अडवणारा थर) खरवडून धातू उघडा पडला की ॲसिड खाणारच. गडद-फिकं ठरतं ते किती वेळ खाऊ दिलं यावर. बारोच्चीची करामत इथंच आहे. थोडं खाल्लं की प्लेट काढून धुवायची, फिक्या ठेवायच्या भागावर वार्निश लावून तो बंद करायचा आणि प्लेट पुन्हा ॲसिडमध्ये सोडायची. उर्बिनोच्या या माणसाच्या उण्यापुऱ्या चारच प्लेटा, पण मला तो भल्याभल्यांच्या वर वाटतो! काही ठिकाणी ब्युरिनही, म्हणजे ॲसिडविना थेट धातू कोरायचं हत्यार, चालवलंय. भिंग लावून बघा: एचिंगची रेघ टोकाला बोथट, ब्युरिनची निमुळती.

आणि हो, पुस्तकातली मिनिटं आपल्या उन्हाळ्यात धरू नका. गरम नायट्रिक झिंकला झपाझप खातं, ग्राउंडही तळहाताला चिकटतो. सकाळी लवकर बसा, आधी त्याच झिंकच्या तुकड्यावर कमी-जास्त वेळ खाऊ देऊन चाचणीची पट्टी काढा. रेषेवर बुडबुडे धरले की पिसानं हलकेच सारा, नाहीतर रेघ खडबडीत होते. खोलीत वारा खेळता हवा. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

रेघोट्या:
सर, मग गालाचे ठिपके सगळ्यात शेवटी काढायचे का?

जुना प्रेसवाला:
नाही, सगळ्यांबरोबरच काढा. फक्त पहिल्यांदा बंद करायचा तो गाल. घड्यांच्या खोलगटी शेवटपर्यंत उघड्या राहू द्या.

भिंतचित्र, सिल्लोड:
स्वतःची रचना करणार असाल तर अजिंठ्याची १७ नंबरची लेणी बघून या. भल्यामोठ्या बुद्धापुढं यशोधरा राहुलला पुढं करतेय. माय लेकराच्या पाठीशी आहे, त्यावरच सगळं चित्र उभं आहे. स्केच मात्र प्लेटवर उलटं उतरवा, छापताना डावं-उजवं बदलतं.