मदत हवी आहे: मोहरमच्या पंजांचे हिंदू मानकरी आणि इनामाची कागदपत्रे

सातारा-कोल्हापूर भागातील ज्या गावांत मोहरमचे पंजे (हाताच्या पंजाच्या आकाराची धातूची प्रतीके) बसतात आणि त्यांचा मान पिढ्यान्‌पिढ्या हिंदू घराण्यांकडे आहे, त्या गावांतील आंतरधर्मीय सहभागावर मी पीएच.डी.साठी संशोधन करत आहे. मानकऱ्यांच्या मुलाखती झाल्या आहेत. पंजाला मलिद्याचा नैवेद्य दाखवणाऱ्या एका पाटील घराण्यात ‘इनामाची जमीन त्यासाठीच होती’ असे ठामपणे सांगितले जाते, परंतु सनद हाती लागत नाही. केवळ आठवणींवर विसंबून अशा सहभागाला ‘सलोखा’ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही, कारण त्यामागे जमीन, मान आणि गावकीतील अधिकार यांचाही भाग असणार.

सातारा जिल्ह्याचे 1885 चे गॅझेटियर व तहसील कार्यालयातील जुने फेरफार पाहिले आहेत. मोडी वाचता येते, फारसी येत नाही. पुणे पुराभिलेखागारात मोजकेच दिवस मिळणार असल्याने सगळे रुमाल (कापडात बांधलेले कागदपत्रांचे गठ्ठे) चाळणे शक्य नाही.

तेव्हा, पीर-दर्ग्यांच्या सेवेसाठी हिंदू वतनदारांना दिलेल्या इनामांच्या नोंदी तेथे नेमक्या कोणत्या दफ्तरात शोधाव्यात, आणि 1852 नंतरच्या इनाम कमिशनच्या (इनामांचे हक्क तपासणाऱ्या ब्रिटिशकालीन आयोगाच्या) चौकशीतील गाववार कैफियती (लेखी निवेदने) पाहायला मिळतात का?