थंडीत सॉल्ट पूलचं पॅनेल 'लो सॉल्ट' दाखवतंय, अजून मीठ टाकू का?

पूलकमिटी_घोडबंदर
मंडळी, मदत हवीये. आमच्या सोसायटीचा पूल साधारण १ लाख २० हजार लिटरचा, मिठापासून क्लोरीन बनवणारं मशीन आहे. डिसेंबर संपत आला तसं रोज सकाळी पॅनेलवर लो सॉल्टचा लाल दिवा लागतो आणि दुपारी आपोआप जातो. दोन टॉवरच्या मधे पूल, ऊन जेमतेम ११ ते २. पूलवाल्या दादांनी २५ किलोच्या दोन गोणी मीठ टाकलं तरी दिवा आहेच, आता ते अजून दोन मागतायत. सकाळी ७ ला लहान मुलांची बॅच असते म्हणून जास्त काळजी वाटते.

खारघरकर
दादा अजिबात टाकू नका, आधी पाण्याचं तापमान बघा. मशीन मीठ मोजत नाही हो, प्लेटांमधून करंट किती जातो त्यावरून मिठाचा अंदाज बांधतं. पाणी गार झालं की करंट कमी जातो, दर डिग्रीला साधारण २ टक्के, म्हणून मीठ तेवढंच असूनही मशीनला कमी वाटतं. काही मशीनमध्ये टेम्परेचर सेन्सर हा हिशोब सांभाळतो, तो बिघडला तरी असंच होतं. आणि जास्त झालेलं मीठ काढायला पाणीच सोडून द्यावं लागतं, ते टँकरच्या भावात कोणाला परवडणारे?

मावशी_नेरुळ
माझा मुलगा कॅनडात असतो, तिकडे पाणी १०-१५ डिग्रीच्या खाली गेलं की बरीच मशीनं क्लोरीन बनवणंच बंद करतात, मग लोक हाताने लिक्विड क्लोरीन टाकतात. पण आपल्याकडे ठाण्यात एवढं गार कुठे होतंय, त्यामुळे सगळा दोष थंडीवर नको. सेल, म्हणजे मशीनचा प्लेटा असलेला भाग, उघडून बघितलाय का?

पूलकमिटी_घोडबंदर
सकाळी साडेसहाला थर्मामीटर टाकला, २१ डिग्री. मीठ तपासायच्या स्ट्रिपवर ३४०० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आलं. आमच्या मॅन्युअलप्रमाणे ३२०० पाहिजे. सेल नाही उघडला.

खारघरकर
बघा, ५० किलो म्हणजे तुमच्या पूलला ४०० च्या आसपास वाढलं, म्हणजे आधीही ३००० होतंच. पावसाळ्यात पूल ओसंडून वाहतो तेव्हा मीठ खरंच जातं, तेवढंच भरून काढायचं होतं. मावशी म्हणतात तसं सेल उघडा. बोअरचं टँकरचं पाणी भरत असाल तर प्लेटांवर क्षार धरतो आणि करंट अजून अडतो, वर पाणी गार, दोन्ही मिळून दिवा लागतो.

पूलकमिटी_घोडबंदर
मेन स्विच बंद करून उघडला आज. प्लेटांच्या मधे पांढरे पापुद्रे, नळीला बसतात तसे, एका बाजूला तर फटच दिसत नव्हती! पाइपने धुतलं तरी अर्धं तसंच.

मावशी_नेरुळ
मग पातळ ऍसिडमध्ये थोडा वेळच बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. ऍसिड पाण्यात ओतायचं, पाणी ऍसिडात कधीच नाही, ग्लोव्हज आणि चष्मा घालूनच. दर महिन्याला करू नका, प्लेटांचं कोटिंग झिजतं आणि नवा सेल महागात जातो. पीएच पण बघा, या मशीनने तो चढत राहतो आणि मग क्षार लवकर धरतो.

पूलकमिटी_घोडबंदर
तीन दिवस झाले, साडेसहालाही दिवा नाही. क्लोरीन २ पीपीएम, बॅच सुरू केली. गोण्यांची ऑर्डर कॅन्सल केली. मावशी, दादा, मनापासून आभार.