नव्या हॉलमध्ये आवाज घुमतो, मुलांची लय सुटते. स्पीकर घ्यावेत का?

स्वरदा (सांगली):
नमस्कार. मी आठवी-नववीला संगीत शिकवते. शाळेला नवा हॉल मिळालाय: ६० फूट बाय ३०, उंची १५. वर स्लॅब, खाली कोटा, भिंतींना ऑइलपेंट. दिसायला झकास! पण टाळी वाजवली की विरायला तीन सेकंद लागतात. स्नेहसंमेलनासाठी चाळीस मुलांचं समूहगान बसवतेय. स्टेजवर तबला दोनदा ऐकू येतो. निम्मी मुलं पहिल्या ठेक्यावर, निम्मी दुसऱ्यावर. तानपुरा तर पंख्यांच्या घरघरीत बुडालेलाच. मुख्याध्यापक म्हणतात, चाळीस हजार आहेत, मोठे स्पीकर आणू. आणावेत?

चुना_विटा:
मॅडम, स्पीकर अजिबात नको. आवाज वाढवाल तितकं घुमणंही वाढेल. स्टेजसमोरची भिंत साठेक फुटांवर, आवाज तिथे आपटून परत यायला साधारण एक दशांश सेकंद. तोच तुमचा दुसरा तबला. आधी त्या भिंतीला जाड पडदा लावा, दुप्पट कापडाचा, भरपूर चुण्यांचा, भिंतीपासून अर्धा फूट पुढे. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात हीच रड होती. तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक वॉलेस सबाइन रात्री दुसऱ्या थिएटरातल्या गाद्या वाहून आणायचे आणि घुमणं किती कमी झालं ते मोजायचे.

पालक_२:
अंड्यांचे ट्रे चिकटवले तर? फुकट मिळतात.

चुना_विटा:
नको. शोषतात जेमतेम, आणि पेटतात पटकन.

धा_तिरकिट:
पडद्याने चाटीची (तबल्याच्या काठावरच्या बोलाची) धार कमी होईल, डग्ग्याचा खर्जातला घुमारा नाही. त्याला वुडवूलचे (लाकडाच्या तंतूंचे) बोर्ड लागतील, तेही मागे पोकळी सोडून. तोवर तालमीला खिडक्या सताड उघडा, बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. पंखे बंद. आणि तालीम रिकाम्या हॉलमध्ये ऐकून घाबरू नका, दोनशे मुलं जाजमावर बसली की बराच फरक पडतो.

स्वरदा (सांगली):
खिडक्या उघडल्या, तर एसटी स्टँडवरची घोषणा थेट अंतऱ्यात! बंद केल्या. मग सबाइनसाहेबांचं ऐकलं: मल्लखांबाच्या बारा गाद्या स्टेजसमोरच्या भिंतीला उभ्या केल्या. दुसरा तबला जवळजवळ गेला. मुख्याध्यापकांना बोलावलं, तर ते स्वतःच पाच मिनिटं टाळ्या वाजवत फिरले. स्पीकर रद्द, पडद्याचं कोटेशन मागवलंय. क्रीडाशिक्षक मात्र कालपासून गाद्या परत मागतायत.