जुन्याला ठिगळ लावावं की नवाच घ्यावा? लॅपटॉपचे तुमचे अनुभव सांगा

टिळकवाडी, बेळगाव

२०१६च्या दिवाळीत घेतलेला माझा लॅपटॉप अजून चालतो. चालतो म्हणजे, सकाळी बटण दाबायचं, आंघोळ उरकायची, देवपूजा करायची आणि मग येऊन पासवर्ड टाकायचा. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर लागतो, म्हणजे आमची रांग तिथंच थांबली.

एका दुकानात विचारलं तर म्हणाला, "काका, ह्याच्यात पैसे घालू नका, नवा घ्या." चार दुकानं पुढं गेलो. तो म्हणाला, "एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपांची वेगवान डिस्क घाला, अजून तीन वर्षं पळतंय बघा." पहिल्याच्या काचेच्या कपाटात नवे लॅपटॉप होते, दुसऱ्याच्या कपाटात एसएसडीची पाकिटं. विश्वास कुणावर ठेवायचा?

म्हणून इथं विचारतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनी सांगा: मशीन कोणतं, केलं काय, गेले किती, आणि पस्तावलात का. जाहिरात नको. "जुनं ते सोनं" हेही नको.

खानापूर तालुका, शिक्षिका

माझा २०१५चा. तक्रार तुमचीच. जाऊबाईंच्या मुलानं टास्क मॅनेजर उघडून दाखवला: मी काहीच करत नव्हते तरी डिस्क १०० टक्के, आणि प्रोसेसर ९ टक्क्यांवर निवांत. "काकू, ह्याचं डोकं चांगलं आहे, पाय गेलेत," म्हणाला.

२०२३ला २४० जीबीची एसएसडी घातली, १,७०० रुपये. जुनी डिस्क काढून ठेवायला जीव होईना, तिच्यात दहा वर्षांच्या स्नेहसंमेलनांचे फोटो. मग कळलं, सीडीचा ड्राइव्ह काढून त्या खाचेत कॅडी बसवता येते आणि जुनी डिस्क तिच्यात राहते. मागवली. बसेना. कॅडी दोन जाडीच्या असतात, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर. मी जाड मागवलेली, माझी खाच पातळ. परत करायची तर कुरियरवाला आमच्या गावापर्यंत येत नाही, खानापूरला जाऊन द्यायची, आणि दिवस जुलैचे. खानापूरचा जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. दुसरी पातळ मागवली आणि पहिली कपाटात टाकली. कुणाला १२.७ची हवी असेल तर सांगा.

लॅपटॉप आता आधण ठेवून चहापूड टाकेपर्यंत तयार असतो.

वडगाव, लग्नपत्रिका आणि डीटीपी

आमचं काम पत्रिकांचं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मुलगी इकडची आणि मुलगा बैलहोंगलकडचा असला की दोन्ही पाहिजेतच. पानं जुळवायला पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर वापरतोय, हसा की. ७.० हे २००१ला आलं, त्याच्या पुढचं कंपनीनं काढलंच नाही. पण आमचे वीस वर्षांचे नमुने त्याच्यात आहेत. गिऱ्हाईक येतंय, "माझ्या थोरल्याची केल्ती तशीच करा," म्हणतंय. मी थोरल्याची फाईल काढतोय, नावं आणि तारीख बदलतोय, पंधरा मिनिटांत प्रूफ हातात.

२०२४ला मुलानं हट्ट धरला आणि नवा घेतला, ५८ हजारांचा. पहिल्या दिवशी घरात पेढे. दुसऱ्या दिवशी जुनी फाईल उघडली तर "॥ श्री गणेशाय नमः ॥"च्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची खूण, असला चिवडा. आमचे जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या मशीनांवर सारखं दिसणाऱ्या आजच्या पद्धतीचे, नाहीत. त्यांच्यात "क" म्हणून आत एक इंग्रजी अक्षरच साठवलेलं असतंय, फॉन्ट त्याला फक्त "क"चं सोंग देतोय. फॉन्ट नसला की सोंग उतरलं. बरं, फॉन्ट घालू म्हटलं तर त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला मशीनच्या पाठीमागं डोंगल लागतंय, त्याचं कुलूपच ते. डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, ३२ बिटचा, नवं मशीन ६४ बिटचं. घेईना. कन्नडचा मजकूर जुन्या नुडी सॉफ्टवेअरमधला, त्याचीही तीच गत.

मग कन्व्हर्टर लावून युनिकोड करून बघितलं. अक्षरं आली, पण रफार वाटेत सांडले. "मंगल कार्यालय"चं "मंगल कायार्लय" झालं, "आशीर्वाद"चं "आशीवार्द". बाकी सगळं बरोबर दिसतंय म्हणून नजर पुढं सरकते, आणि तिथंच घात. एक पत्रिका तशीच ३०० प्रती छापून गेली. मुलीच्या मामानं दुकानात येऊन मोठ्यांदा वाचून दाखवली, पुढं चार गिऱ्हाईकं बसलेली. कागद आमच्या गळ्यात.

लग्नसराई तोंडावर, चौदा पत्रिका अडकलेल्या. शेवटी माळ्यावरनं जुना खाली काढला. रॅम वाढवला नाही, कारण त्याच्यातलं ३२ बिटचं विंडोज ४ जीबीच्या वर बघतच नाही, घातलं तरी पडून राहणार. फक्त एसएसडी घातली आणि इंटरनेट तोडलं. आता जुन्यावर मजकूर जुळवतोय, पीडीएफ करून पेनड्राइव्हनं नव्यावर नेतोय. फोटो, रंगकाम, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप, हे सगळं नव्यावर. घरातली म्हणतात दोन कशाला. मी म्हणतो, बैलजोडी.

नवा घेतला ह्याचा पस्तावा नाही. जुना कायकाय सांभाळून होता ते आधी एका कागदावर लिहून काढलं असतं तर तो मामा टळला असता.

उद्यमबाग, मशीन शॉप

वडगावच्या दादांसारखंच. आमच्या जुन्या सीएनसीला, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटाईच्या मशीनला, प्रोग्रॅम पाठवायला नऊ पिनांचा सीरियल पोर्ट लागतो, आरएस-२३२. नव्या लॅपटॉपला तो कुठला असायला? यूएसबीचा स्वस्त कन्व्हर्टर आणला, तर लांब प्रोग्रॅम मध्येच तुटायचा. एक जॉब भंगारात गेला तेव्हा शहाणपण आलं. जुना लॅपटॉप आता मशीनशेजारच्या कपाटात असतो, कीबोर्डवर ऑइलचे ठसे. ड्रॉइंगला मात्र नवा घेतला. थ्रीडी मॉडेल फिरवायला ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते जुन्यात नंतर बसवता येत नाही.

निपाणी

मुलगी व्हीटीयूच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला. लॅपटॉप २०२१चा, चंदेरी, पातळ, ८ जीबी. तिला १६ पाहिजे होता. मी २०२४ला ८ जीबीची पट्टी मागवली, १,९०० रुपये, आणि व्हिडिओ बघून रविवारी स्क्रू काढायला बसलो. दहा निघाले तरी झाकण हलेना. ओढलं. कट्‌ करून आवाज आला. दोन स्क्रू मागच्या रबरी पायांच्या खाली दडवलेले होते, ते व्हिडिओत पुढं सांगितलं होतं म्हणे.

झाकणाचा हूक मोडून आत बघतो तर पट्टीला खाचच नाही. रॅमच्या चिपा मदरबोर्डलाच सोल्डर केलेल्या. मॉडेल नंबर टाकून आधी पाच मिनिटं शोधलं असतं तर कळलं असतं. तिला नवाच घ्यावा लागला, १६ जीबीचा, आणि ह्यावेळी मोकळी खाच असलेला बघून.

पट्टी पडून होती. २०२५च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळं रॅमचे भाव भडकले. परवा तीच पट्टी पुतण्याच्या लॅपटॉपला बसवली आणि सहज दुकानात भाव विचारला, तर दुपटीच्या वर. आयुष्यात एवढी एकच चूक फायद्यात गेली.

चिकोडी, टॅक्सचं काम

एवढंच सांगते: टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर थांबा. माझा आठवडाभर क्लिक होत नव्हता, तर मी पेपरवेटनं दाबून काम चालवलं. रिटर्नची शेवटची तारीख होती हो. भावोजींनी बघितलं आणि आधी चार्जर उपटला. खाली बॅटरी फुगून उशीसारखी झालेली. नवी २,४०० रुपयांत बसली आणि तो लॅपटॉप अजून चालतोय. पण फुगलेली बॅटरी दाबायची नसते, टोचायची नसते, पेट घेऊ शकते, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

संकेश्वर

मी तिसरी वाट धरली, सेकंडहँड. कंपन्यांना भाड्यानं दिलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बाजारात येतात, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह २२ हजारांत बेंगळुरूहून आणला. बॉडी दणकट, कीबोर्ड नव्यांपेक्षा छान. पण विंडोज पुन्हा घालायला गेलो तर बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड. आधीच्या कंपनीनं घातलेला. विकणारा फोनवर "माडतीनि री, माडतीनि", करतो हो, करतो, म्हणत महिनाभर फिरवत राहिला. शेवटी दुसऱ्या एकाकडून उघडून घेतला, दीड हजार गेले. सेकंडहँड घेताना पैसे द्यायच्या आधी बायोस उघडून बघा, आणि चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा.

हिंडलगा, निवृत्त

२०१२चा आहे. नातवानं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम घातली. पेपर वाचतो, भजनं ऐकतो, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टंकतो. खर्च शून्य. पण मुलाच्या डिजिटल सहीचं टोकन त्याच्यावर काही केल्या चाललं नाही. ज्यांचं काम टेंडर, जीएसटी असलं आहे त्यांनी आधी तपासून घ्या.

बेळगाव, दुरुस्तीच्या दुकानात कामाला

सगळं वाचलं. आमच्याकडं दिवसाला निम्मी लोकं हाच प्रश्न घेऊन येतात. कन्नड गिऱ्हाईक आत पाय ठेवतानाच सांगतंय, "होसदु बेड री," नवा नको, हेच पहिलं वाक्य.

काकांसाठी सांगतो. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह ऑफिसच्या कामाला अजून बक्कळ आहे. तुमचं दुखणं ती फिरती डिस्क. ती सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर. एम.२ची, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची, खाच असली तरी लगेच एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान जातीची, आणू नका, काही खाचा फक्त साटा एम.२ घेतात. पट्टी बघायला सारखी, चालत नाही, आणि मग लोकं आम्हाला शिव्या घालतात. रॅम घेण्याआधी जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचा. सहाव्या पिढीत कुठं डीडीआर३एल असतोय, कुठं डीडीआर४. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. आजच्या भावात मी तर म्हणेन, आधी एसएसडी, रॅमचं नंतर बघू.

मी स्वतः कधी नको म्हणतो? बिजागरी तुटून स्क्रीनची चौकट फाटलेली, मदरबोर्डला पाणी लागलेलं, किंवा दुरुस्तीचा आकडा तसल्याच जुन्या मशीनच्या किमतीच्या निम्म्यावर गेलेला. मालक ऐकत असेल तर हे हळू आवाजात सांगतो. आणि बऱ्याच जणांचं काम साफसफाईवरच भागतंय. गेल्या उन्हाळ्यात एक लॅपटॉप आला, सारखा बंद पडायचा. पंख्यातून कापसासारखा पुंजका निघाला, पिंजलेल्या वातीएवढा. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली, ४०० रुपये. गिऱ्हाईक नवा घ्यायचे पैसे खिशात घेऊन आलेलं.

विंडोज १०चं म्हणाल तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात, नाव नोंदवावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसे लागत नाहीत. तेवढं आजच करून घ्या.

टिळकवाडी, पंधरा दिवसांनी

सगळ्यांचे आभार. वडगावच्या दादांचं ऐकून आधी कागद घेतला: बँकेचं, पेन्शनचं, दोन जुने हिशेब, स्कॅनर. स्कॅनर २०११चा, त्याचा ड्रायव्हर विंडोज ११वर मिळाला नसता, हे कागदामुळंच लक्षात आलं. मग ५०० जीबीची एसएसडी घातली. रॅम आहे तेवढाच ठेवलाय. अपडेटसाठी नाव नोंदवलं, ऑक्टोबरपर्यंत गाडी चालेल, तोवर रॅमचे भाव कुठं जातात ते बघू. नव्यासाठी महिन्याला थोडे बाजूला टाकायलोय.

बटण दाबल्यापासून १९ सेकंद. बायको म्हणाली, "मग आता पूजा कधी करणार म्हणे?"

आणि खानापूरच्या बाई, माझ्या सीडी ड्राइव्हची जाडी मोजली. १२.७ भरली. तुमची कॅडी अजून कपाटात आहे का?