मदत हवी आहे : माडीवरचा प्रिंटर शोधायला पॅकेट घराबाहेर का जातंय?

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात राहतो. जुनं घर, जाड भिंती. खालच्या राउटरचं वायफाय माडीवर पोचत नव्हतं म्हणून दिवाळीत वर दुसरा राउटर बसवला. खालून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या खाचेत) आहे. नेट दोन्हीकडे छान चालतं. अडलंय ते प्रिंटरपाशी. तो माडीवर आणि बाबांचा कॉम्प्युटर खाली. बाबा शिकवणी घेतात, रोज पाच-सहा प्रश्नपत्रिका छापायच्या असतात. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, म्हणून फाइल मला व्हॉट्सअ‍ॅप करतात आणि मी ऑफिसातून आल्यावर छापते. मुलं पाचला येतात, मी सातला. बाबा काही बोलत नाहीत, पण मला फार लागतं ते.

जाळ्यातले पत्ते असे : खालचा राउटर १९२.१६८.१.१, वरचा १९२.१६८.०.१, प्रिंटर १९२.१६८.०.४०. बाबांच्या कॉम्प्युटरवरून प्रिंटरला ट्रेसरूट लावला (पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, कुठल्या टप्प्यांवरून जातं ते ही आज्ञा ओळीने दाखवते). पहिल्या ओळीत खालचा राउटर, दुसऱ्या ओळीत नेटवाल्यांचा १० ने सुरू होणारा पत्ता, तिथून तिसाव्या ओळीपर्यंत नुसते तारे. डोक्यावरच्या खोलीतला प्रिंटर सोडून पॅकेट घराबाहेर गेलं! राउटरला मार्ग ठाऊक असतो, यालाच राउटिंग म्हणतात ना? मग हे कसं?

प्रतिसाद

ताई, अख्खा मार्ग कुठल्याच राउटरला ठाऊक नसतो, फक्त पुढचा टप्पा. आपल्या बडोद्यात सूरसागरापाशी मांडवीची वाट विचारा, न्यायमंदिराकडे जा म्हणतील. तिथे विचारा, लहेरीपुरा दरवाजा दाखवतील. प्रत्येक जण एकच वळण सांगतो, तरी माणूस पोचतो. आणि ज्याला पत्ता कळलाच नाही तो सांगतो, स्टेशनकडे जाऊन विचारा. राउटरचा 'डिफॉल्ट रूट' म्हणजे हेच स्टेशन.

तुमच्या खालच्या राउटरच्या टेबलात (कुठला पत्ता कुणाकडे पाठवायचा त्या यादीत) ढोबळमानाने दोनच ओळी आहेत : १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते घरातले, बाकी सगळं नेटवाल्यांकडे. तुमचा ०.४० 'बाकी'त गेला. पुढे त्याला कुणी विचारत नाही, कारण १९२.१६८ चे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखलेले आहेत, घरोघरी तेच असतात. तारे म्हणजे त्या टप्प्यावरून उत्तर आलं नाही.

वरून नेट चालतं, कारण वरचा राउटर बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर स्वतःचा १९२.१६८.१ मधला पत्ता घालतो. त्यामागे आणखी एक जाळं आहे हे खालच्याला कळतच नाही. त्याला स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेली मार्गाची ओळ) घालून सांगता येईल, पण वॅनकडून आलेलं पॅकेट वरच्याची फायरवॉल, म्हणजे बाहेरचं आत येऊ न देणारा पहारा, बहुधा अडवेल. त्यापेक्षा वरचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं जाळं न करता खालच्याचंच जाळं वर पसरवेल. तो मोड नसेल तर आधी त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि शेवटी केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेत) लावा. १.२ हा पत्ता खालचा राउटर दुसऱ्या कुणाला देत नाही ना, तेवढं बघा. मग प्रिंटर बंद-चालू करून बाबांच्या कॉम्प्युटरवर नव्याने जोडा.

धागाकर्ती

झालं! मोड नव्हता, तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने केलं. प्रिंटरला १९२.१६८.१.७ मिळाला आणि ट्रेसरूट एका ओळीत संपला. बाबांनी खालूनच भूमितीचा पेपर छापला. मनापासून आभार. एक शंका उरली : उत्तराचं पॅकेट आलं त्याच वाटेने परततं का?

प्रतिसाद

घरात हो. बाहेर तसा नियम नाही. परतताना प्रत्येक राउटर आपलं टेबल पाहून नव्याने ठरवतो, त्यामुळे जायची वाट एक आणि यायची दुसरी असं सर्रास होतं.