एसीसी चालू असताना गाडीने ब्रेक मारलाच नाही. मदत हवी आहे (तातडीने)

वैतागलेला_विनू
काल रात्रीपासून डोकं फिरलंय. हायवेला गाडी एसीसीवर (ॲडाप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग धरून पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी सोय) टाकली होती. पुढची कार अचानक शेजारच्या लेनमध्ये गेली आणि समोर बंद पडलेला ट्रक. आमच्या गाडीने ब्रेक मारलाच नाही! मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो तेव्हा थांबली. ट्रकच्या मागच्या फळीवरचे रिबिट मोजता येतील इतक्या जवळ. बायको अजून धड बोलत नाहीये. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनर लावला आणि म्हणाले, एरर कोड नाही, सिस्टिम ओके आहे. मग हे सेन्सर कशाला लावलेत, शोभेला? बिघाड आहे हे त्यांच्याकडून कबूल कसं करून घ्यायचं, तेवढंच सांगा. लेक्चर नको.

नटबोल्ट
कोणती गाडी, कोणत्या सालची? रडार आहे की नुसता कॅमेरा? वेग किती सेट केला होता आणि पुढची कार किती वेगात होती? पाऊस, धुकं? यातलं काहीच दिलेलं नाही. कुंडली न देता भविष्य विचारताय.

तिसरा_गिअर
हे सगळे चोचले आहेत. मी २२ वर्षं गाडी चालवतोय, ब्रेक पायानेच मारतो. आजवर ओरखडा नाही. सगळी बटणं बंद करा, प्रश्न मिटला.

रेघोटी
माझंही सेम! म्हणजे ब्रेकचं नाही, लेन कीपचं (गाडी लेनमध्ये ठेवायला स्वतःच स्टिअरिंग वळवतं ते). रस्त्याचं काम चालू होतं, जुने पांढरे पट्टे नीट खोडले नव्हते आणि नवे पिवळे मारले होते. स्टिअरिंग जुन्या पट्ट्यांकडे ओढ घेत होतं. मी धरून ठेवलं तर त्याच्याशी पंजा लढवल्यासारखं वाटत होतं. शेवटी बंद केलं.

वैतागलेला_विनू
@रेघोटी ताई, माझा प्रश्न ब्रेकचा आहे.
@नटबोल्ट मॉडेलचा काय संबंध? सगळ्यांत तेच असतं. रडार आहे, लोगोच्या मागे. पाऊस नव्हता. वेग नेहमीचाच.

नटबोल्ट
नेहमीचा म्हणजे किती?

वैतागलेला_विनू
१०० वर सेट. पुढची कार ७० च्या आसपास रेंगाळत होती म्हणून आपली पण ७०. ती बाजूला गेली तर आमच्या गाडीने उलट वेग घेतला!! हे सांगायचं राहिलं. डॅशबोर्डवरचं पुढच्या गाडीचं छोटं हिरवं चित्र गायब झालं आणि इंजिनाचा आवाज चढला.

नटबोल्ट
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतंत. हा बिघाड नाही, ही एसीसीची ठरलेली मर्यादा आहे. तुम्ही वेग दिलात १००. पुढे माग काढायला गाडी उरली नाही, म्हणून ती १०० कडे निघाली.

आता ट्रक का दिसला नाही ते. रडारला समोरच्या वस्तूचं अंतर कळतं आणि तिचा आपल्या तुलनेतला वेग कळतो. ती वस्तू नेमकी काय आहे, हे त्याला फारसं कळत नाही. पूल, कमानीवरच्या पाट्या, कठडे, रस्त्यातली लोखंडी झाकणं, सगळंच आपल्या वेगाने अंगावर येताना 'दिसतं'. त्या प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर मागचा येऊन आदळेल. म्हणून बऱ्याच गाड्यांचं सॉफ्टवेअर एसीसीपुरतं, कधीच हलताना न दिसलेल्या गोष्टी गाळून टाकतं. पुढची कार हळूहळू थांबली असती तर तुमची गाडीही थांबली असती, कारण ती चालताना एकदा दिसलेली होती. ट्रक पहिल्यांदा दिसला तोच उभा.

सेन्सर_सम्राट
२००५ मधलं सांगताय. आता कॅमेरा आणि रडार दोन्हीचं मिळून ठरतं. नव्या रडारना उंचीही कळते. ट्रकचा मागचा भाग कॅमेऱ्याला ओळखता येतो.

नटबोल्ट
येतो, जेव्हा येतो तेव्हा. २०१६ मध्ये फ्लोरिडात ऑटोपायलटवर (टेस्लाची चालकाला मदत करणारी यंत्रणा) असलेली टेस्ला आडव्या जाणाऱ्या ट्रेलरखाली गेली. बाजू पांढरी, मागे उजळ आकाश. ना गाडीने ब्रेक मारला, ना चालकाने. तोही कॅमेरा अधिक रडारच होता.

सेन्सर_सम्राट
पुन्हा २०१६! त्यानंतर किती अपडेट आले.

नटबोल्ट
आले ना. त्यातलाच एक डिसेंबर २०२३ चा, २० लाखांहून जास्त टेस्लांचं रिकॉल. कशासाठी? चालकाचं लक्ष रस्त्यावर आहे की नाही हे पाहणारी व्यवस्था पुरेशी नव्हती म्हणून.

पाटीवाचक
मुळात तुमची गाडी एसएईच्या (वाहन अभियंत्यांची संस्था) हिशेबाने लेव्हल २ असणार, म्हणजे गाडी वेग आणि स्टिअरिंगला मदत करते, पण जबाबदारी पूर्ण तुमची. लेव्हल ३ मध्ये गाडी काही काळ स्वतः सांभाळते. होंडाने २०२१ मध्ये जपानमध्ये लेजंड आणली, पण ते फक्त वाहतूक कोंडीत. मर्सिडीजचं २०२२ मध्ये जर्मनीत आलं, ते तेव्हा ताशी ६० किमीपर्यंत. तुम्ही १०० वर सेट केलं होतंत.

वैतागलेला_विनू
मी लेव्हल विचारल्या नव्हत्या. बरं, एसीसी सोडा. ते आपोआप ब्रेकिंगचं काय? ते तर वेगळं आहे ना? ते तरी लागायला हवं होतं!

नटबोल्ट
हा प्रश्न बरोबर आहे. एसीसी आरामासाठी आहे, त्याच्या ब्रेकला मुद्दाम मर्यादा घातलेली असते, साधारण ३.५ मी/सेकंद² च्या आसपास. तेवढ्यावर १०० वरून थांबायला ११० मीटर लागतात. कोरड्या रस्त्यावर तुम्ही जीव खाऊन दाबलात तर ५० च्या आत. एईबी (तेच आपोआप ब्रेकिंग) अगदी शेवटच्या क्षणी लागतं, आणि जास्त वेगात त्याचं काम टक्कर टाळण्यापेक्षा तिचा जोर कमी करणं इतकंच उरतं. तुम्ही ब्रेक दाबायच्या आधी बीप झाला होता का? तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर होता का? बऱ्याच गाड्यांत तो दाबला की गाडी समजते, चालकाला पुढे जायचंय.

वैतागलेला_विनू
बीप झाला बहुतेक. की बायको ओरडली, आठवत नाही. पाय खाली होता, कुठेच नव्हता.

तिसरा_गिअर
पाय 'कुठेच नव्हता'. यातच सगळं आलं.

गाडीवेडी_सुमन
अवांतर: डॅशकॅम घ्यायचाय, रात्रीचं नीट दिसणारा कुठला? आरशाच्या मागे लावला तर चालेल का?

काचवाला_काका
@सुमन, आरशामागे गाडीचाच कॅमेरा असतो, त्याच्या खिडकीसमोर काही लावू नका. विनू, तुमची पुढची काच मूळचीच आहे ना?

वैतागलेला_विनू
मे महिन्यात दगड लागून तडा गेला होता, बदलली. तिचा इथे काय संबंध?

नटबोल्ट
🤦

काचवाला_काका
संबंध आहे राजा. कॅमेरा त्याच काचेच्या आतल्या बाजूला ब्रॅकेटवर बसतो. काच बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं, करावं लागतं. नजर एका अंशाने सरकली तरी १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक, म्हणजे निम्मी लेन. ट्रक तुमच्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, इथेच घोळ. आणि कॅमेरा थोडा तिरका असला म्हणजे एरर कोड येईलच असं नाही. काच बसवणाऱ्याने समोर खुणांचा फलक उभा करून मोजमाप केलं होतं का? किंवा लॅपटॉप जोडून ठरावीक वेगात गाडी फिरवली होती?

वैतागलेला_विनू
अर्ध्या तासात काच बसवून दिली. फलक वगैरे काही नव्हता.

रेघोटी
थांबा, माझीही काच बदललेली आहे. म्हणजे ते स्टिअरिंगचं ओढणं पट्ट्यांमुळे नव्हतं?

काचवाला_काका
दोन्ही असू शकतं. तपासून घ्या.

वैतागलेला_विनू
(चार दिवसांनी) कॅलिब्रेशन केलं. कॅमेरा उजवीकडे सरकलेला निघाला. मॅन्युअलही उघडलं, ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. एसीसीच्या प्रकरणात करड्या चौकटीत छापलंय की उभ्या वाहनांसाठी वेग कमी होईलच असं नाही. चित्रासकट. पुढची गाडी लेन बदलते तेच चित्र! म्हणजे आता एसीसी उभ्या ट्रकसाठी थांबेल ना?

नटबोल्ट
नाही. कॅलिब्रेशनने एईबीला आणि लेन कीपला फायदा. चौकटीतलं वाक्य तसंच राहिलं.

वैतागलेला_विनू
मग सर्व्हिस सेंटरवाले बरोबरच बोलत होते?

नटबोल्ट
एसीसीबाबत हो. काच बाहेरून बसवल्याचं त्यांना सांगितलं होतंत का?

वैतागलेला_विनू
त्यांनी विचारलं नव्हतं.