'अल वसत': मंत्रालयाच्या परवान्यावर चालणारा पेपर स्वतंत्र म्हणायचा का?

वाळूतला मुंबईकर:
मनामात हिशेबाच्या नोकरीत अकरा वर्षं काढली. बिल्डिंगखाली एका मल्याळी माणसाचं कोल्ड स्टोअर होतं. बहारीनमध्ये कोपऱ्यावरच्या वाण्याला हेच म्हणतात. आम्ही भारतीय तिथून इंग्रजी 'गल्फ डेली न्यूज' उचलायचो, स्थानिक मंडळी अरबी 'अल वसत'. जून २०१७, रमजान चालू, आणि एके सकाळी 'अल वसत'चा गठ्ठा आलाच नाही. दुकानदाराने काही न बोलता शेजारचा गठ्ठा त्या जागेवर सरकवला.

४ जूनला सरकारने पेपर बेमुदत बंद केला होता. कारण काय, तर मोरोक्कोच्या रीफ भागातल्या निदर्शनांवर आलेला एक लेख. म्हणे एका अरब देशाचा अपमान झाला! दुसऱ्याच दिवशी कतारशी संबंध तोडल्याची बातमी आली आणि पेपरचा विषय मागे पडला. २४ जूनला, ईदच्या तोंडावर, पेपरमधली दीडशेहून जास्त माणसं घरी बसली.

संपादक मन्सूर अल-जमरी. वडील शेख अब्दुल अमीर नव्वदच्या दशकातल्या आंदोलनाचे पुढारी, मुलगा लंडनमध्ये परागंदा. सुधारणांचं वारं सुटलं तेव्हा परतले आणि २००२ मध्ये हा पेपर काढला. माझं मत सरळ आहे: तिथे पंधरा वर्षं पेपर टिकवायला ज्या तडजोडी केल्या, त्या बरोबरच होत्या.

खडूस:
शोभेची कुंडी हो ती. परदेशी पाहुणे आले की सरकारला दाखवायला बरी, 'बघा, आमच्याकडे टीका करणारा पेपरसुद्धा आहे.' परवाना मंत्रालयाचा, तो कधी काढून घ्यायचा तेही मंत्रालय ठरवणार. याला स्वतंत्र म्हणायचं? आणि २०११ मध्ये खोट्या बातम्या छापल्या गेल्या, हे संपादकांनीच कबूल केलं होतं. तेवढं सोयीस्कर विसरलात.

रात्रपाळी:
कबूल केलं, पण कसं ते सांगा की. मार्च २०११ मध्ये मनामाच्या लुलू चौकातलं लोकशाहीसाठीचं आंदोलन सरकारने मोडलं, त्याच सुमारास लाठ्या-सुरे घेतलेल्या टोळीने पेपरच्या छापखान्यावर हल्ला केला. माणसं घरून काम करत होती. अशात ईमेलवर बनावट बातम्या येऊ लागल्या. मी एका मराठी दैनिकात नऊ वर्षं रात्रीचं डेस्क सांभाळलंय. पान सोडायला वीस मिनिटं, बातमीदाराचा फोन लागत नाही, आणि समोर व्यवस्थित लिहिलेला मजकूर. शांत दिवसांतसुद्धा हात घसरतो. मग २ एप्रिलला सरकारी टीव्हीने त्यावर लांबलचक कार्यक्रम केला आणि दुसऱ्या दिवशी पेपर बंद. अल-जमरी म्हणाले, हा मुद्दाम लावलेला सापळा होता. ते आणि दोन सहकारी पायउतार झाले, तेव्हा कुठे नव्या संपादकाच्या नावाने अंक निघाला. ऑगस्टमध्ये ते परतले. कोर्टाने पुढे हजार-हजार दिनार दंड लावला.

खडूस:
सापळा असेलही. पण पारखून छापणं हे संपादकाचंच काम ना? आणि मग राजीनामा! टिळकांनी दिला असता?

निमूटवाचक:
टिळकांना मध्ये आणलंतच, तर पूर्ण आणा. ते मंडालेला होते तेव्हाही 'केसरी' निघतच होता, दुसऱ्यांच्या हातून. संपादक नसताना पेपर चालू राहणं यात नाक कापलं जातं कुठे? उलटाच पडला तुमचा दाखला.

आणि कुंडी म्हणताना करीम फखरावींची आठवण ठेवा. पुस्तकांच्या दुकानाचे मालक, 'अल वसत'च्या संस्थापकांपैकी एक. नातेवाइकांच्या घरावर पडलेल्या धाडीची तक्रार द्यायला एप्रिल २०११ मध्ये पोलीस ठाण्यात गेले. तिथेच ठेवून घेतलं, आणि आठवडाभरात कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. सांगितलं, मूत्रपिंड निकामी. २०११ च्या घटनांच्या चौकशीसाठी राजानेच नेमलेल्या बसिऊनी आयोगाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिहिलं, छळामुळे मृत्यू.

खडूस:
फखरावींबद्दल माझा वाद नाही. 'कुंडी' मागे घेतो. बाकीचं नाही घेत. पुढची सहा वर्षं कशी गेली बघा ना. ऑगस्ट २०१५ मध्ये दोन दिवस बंद. जानेवारी २०१७ मध्ये तिघांना फाशी दिली, त्याच आठवड्यात ऑनलाइन आवृत्ती बंद. दर वेळी वरून हिरवा कंदील आला की पुन्हा सुरू. अशाने माणूस लिहायच्या आधीच स्वतःचं वाक्य खोडायला शिकतो. सरकारला तेच तर हवं असतं. बंद करायचे कष्टही वाचतात.

वाळूतला मुंबईकर:
खोडत असतीलच की, मी नाही म्हणत नाही. पण मोरोक्कोवर लिहिताना नाही ना खोडलं! एका मासेविक्याचा माल पोलिसांनी जप्त केला, तो वाचवायला गेला आणि कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेला, तिथून पेटलेलं ते आंदोलन. मनामात हे वाचणाऱ्याला आपल्या गल्लीचं काही आठवणार नाही, असं मंत्रालयालाही वाटलं नसावं.

आमच्या ऑफिसात एक बहारीनी सहकारी होता. 'अल वसत' बंद झाल्यावर तो माझा इंग्रजी पेपर मागायला लागला. घ्यायचा आणि दोन मिनिटांत परत.

खडूस:
खेळाचं पान बघत असेल.

वाळूतला मुंबईकर:
ते मी आधीच काढून ठेवायचो.